रोखीला एक गुंज सूट

मोहाच्या एका जुन्या जंगलात, नाल्याच्या काठी, एक खार राहत असे. तिचा धंदा चारोळीचा. आता चारोळीचे फळ गोड खरे, पण आतली कवची भारी टणक. ती फोडताना दाणा चिरडला की मेहनत पाण्यात. ही खार मात्र कवची दोन्ही हातांत धरून, फिरवून फिरवून असा एकच चावा घेई, की दाणा अख्खाच्या अख्खा बाहेर यावा. म्हणून आठवड्याच्या बाजारात तिच्यापुढे गर्दी असे. पळसाच्या पानांचा एक द्रोण भरून चारोळी, वीस गुंजांना. त्या जंगलात व्यवहार गुंजांचा होता, त्या लालबुंद, काळ्या डोळ्याच्या.

पण जनावरांना कुठे आले खिसे? ससा लांबच्या माळावरून येई, आणि दर उडीला त्याची एक गुंज गवतात पडे. हे पाहून माकडाने युक्ती काढली. "तुमच्या गुंजा मी घरी येऊन नेतो, माझ्या ढोलीत ठेवतो," ते म्हणाले. "वीस गुंजांना दातांची खूण केलेलं एक पान देतो. दुकानात पान द्या, माल घ्या. फुकट!" गिऱ्हाइकाला फुकट होते, ते खरेच. पण बाजार उठल्यावर दुकानदार ते पान घेऊन ढोलीकडे गेला, की माकड त्याच्या हातावर अठराच ठेवी. दोन त्याच्या राखणीच्या.

खार कुरकुरली नाही. फळे आणून देणाऱ्या अस्वलाला सोळा गेल्या, माकडाला दोन गेल्या, तरी द्रोणामागे दोन उरत. दोन उरल्या की तिचे आणि तीन पिल्लांचे भागे. पण एके दिवशी अस्वल म्हणाले, "ताई, औंदा फळ कमी धरलंय. लांब जावं लागतं. सतराच्या खाली जमायचं नाही मला." अस्वल खोटे बोलणारे नव्हते. आता पानामागे उरणार एक. एका गुंजेत चार तोंडे कशी भरायची? दुकान मोडावे लागणार, हे तिला स्वच्छ दिसले.

घाबरलेला जीव आधी चुकतोच. पुढच्या बाजारी ससा पान घेऊन आला, तशी ती म्हणाली, "ससेभाऊ, पान असेल तर वर दोन गुंजा पडतील."

सशाचे कान ताठ झाले. "दोन गुंजा हातात धरून आणता आल्या असत्या, तर पान कशाला आणलं असतं? माझं पान काय किडकं आहे? दंड घेतेस होय गं माझ्याकडून?" तो गेला तो थेट पलीकडे उंबरे विकत बसलेल्या घुशीकडे. त्याच्यामागून आणखी सहा-सात जण गेले. दुपारपर्यंत खारीचे निम्मे द्रोण तसेच भरलेले.

एवढ्यात साळिंदर आले. ते नाल्यापलीकडेच राहणारे, दहा पावलांवर. त्यांच्या काट्यांत गुंजा ओवलेल्या दिसत होत्या, तरी त्यांनी पुढे केले ते पानच.

"काका," खार म्हणाली, "अंगावर गुंजा आहेत, मग पान का हो काढता?"

"काट्यातनं काढायच्या, मोजायच्या, कोण करतंय!" साळिंदर म्हणाले. "मला फरक काय पडतो? आठवड्याच्या आठवड्याला भाव तोच की."

खार थबकली. खरेच होते. काकांना फरक पडत नव्हता, कारण तिने पाडलाच नव्हता. पान आणणाऱ्यावर ती रागावत बसली होती, पण रोख आणणाऱ्याला तिने कधी काही दिले होते काय?

पुढच्या बाजारी ती दगडावर चढून ओरडली, "भाव वीस! पान चालेल, वर काही नाही! रोख दिलीत तर एकोणीस!" सशाला तिने स्वतः जाऊन सांगितले, "भाऊ, मागं माझं चुकलं. तुम्ही लांबचे, तुम्ही पानच आणा." आणि त्याचा द्रोण तिने इतरांइतकाच शिगोशीग भरला.

साळिंदरकाकांनी मुकाट काट्यातून एकोणीस गुंजा उतरवल्या. मग जवळपासची सगळीच रोख आणू लागली. अस्वलाच्या सतरा वजा जाता रोखीच्या द्रोणामागे दोन उरल्या, पानामागे एक. पण आता पाने थोडी येत आणि द्रोण जास्त खपत. पिल्लांची पोटे भरू लागली.

माकड उतरले ते दात विचकतच. "माझ्या पानाला बट्टा लावतेस?"

"नाही दादा," खार शांतपणे म्हणाली. "तुमच्या पानाला मी वीसच धरते, ससेभाऊंना विचारा. पण रोख आली की तुमच्या दोन वाचतात. त्यातली एक गिऱ्हाइकाला देते, एक माझ्या पिल्लांना. यात तुमचं काय घेतलं सांगा."

माकडाने डोके खाजवले. ते खाली बसले, समोरच्या बदामी चारोळीकडे बघत राहिले. मग इकडेतिकडे पाहून, गालफडात दाबून ठेवलेल्या गुंजा त्याने एकेक करून तिच्यापुढे काढल्या.

"एक द्रोण दे," ते हळूच म्हणाले. "रोख आहे. एकोणीसच ना?"

"एकोणीसच, दादा," खार म्हणाली, आणि द्रोण शिगोशीग भरू लागली.

तात्पर्य : आपल्या खर्चाचा दंड गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, जे वाचेल त्यातला वाटा त्याला उघडपणे द्यावा, म्हणजे ते आपण होऊन आपल्या सोयीने वागते.