तारेला पडलेलं कोपर

पाहुणे, फोटो काढायचा तर इथूनच काढा. पुढं पाटी आहे आणि पाटीखाली बंदूकवाला. हे विमानतळाचं कुंपण बघा, त्या टेकाडापासून दोरी धरून आखल्यासारखं सरळ येतं आणि धावपट्टी संपते तिथं एकदम आत वाकतं, माणसाच्या कोपरासारखं. त्या वाकणात ही विहीर. फौजेचं कुंपण असं कुणासाठी वाकत नसतं. हे एका बाईच्या तोंडाला भिऊन वाकलं, असं आमच्या तरटेवाडीत सांगतात. ते नीट ऐकून जा, नाहीतर तळावरची पोरं तुम्हाला हसत हसत भलतंच सांगतील.

मोठ्या लढाईच्या वर्षांत गोऱ्या साहेबाला विमानं उडवायला सपाट माळ हवा होता. माळावर तरटेवाडी होती, ती त्याच्या डोळ्यांत खुपली. घरं पाडली, देव उखडले, माणसं जनावरांसकट पलीकडच्या खडकावर नेऊन टाकली. लढाई संपली की परत या, असं साहेब बोलला होता म्हणे. लढाई संपली, साहेब गेला, आपलं सरकार आलं आणि तळावर विमान शिकवायची शाळा सुरू झाली. फाटकाचं कुलूप तेवढं तसंच राहिलं.

ठकूबाईची विहीर कुंपणाच्या आत गेली. तिचा नवरा बाजी तरटे यानं ती खडक फोडून खणली होती. सुरुंगाचा दगड छातीवर बसून तो त्याच खड्ड्यात गेला आणि तो दगड काढला तिथंच पाणी लागलं, असं सांगतात. म्हणून ठकूबाई त्या पाण्याला 'धनी' म्हणायची. आता त्या पाण्यानं विमानं धुवायचे. विमानं, हो. आणि तरटेवाडीच्या बाया ओढ्यात झिरे उकरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. तारेबाहेरून हे बघताना ठकूबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गावकरी हात जोडून फाटकावर जाऊन आले, तसेच हात हलवत परतले.

मग तिनं एकच काम धरलं. उजाडल्यावर विमानं सुटायच्या वेळेला तारेला येऊन उभं राहायचं आणि डोक्यावरून जाईल त्या विमानाला शिव्या घालायच्या. मुडदा बसवणाऱ्या शिव्या कुणीही घालतं. ठकूबाईची शिवी निराळी होती. "तुला मरण येऊ नये रं मेल्या," ती ओरडायची, "माज्यावानी जग. आपलं पाणी दुसऱ्याच्या घरात बघत जग." यापेक्षा वाईट काही तिला ठाऊकच नव्हतं.

एका सकाळी रणपिसे नावाचा शिकाऊ पोरगा पहिल्यांदाच एकटा उडाला, मास्तर खाली ठेवून. ठकूबाईनं नेहमीची शिवी हासडली, आणि ती तोंडातून पुरती सुटायच्या आत इंजीन बंद पडलं म्हणे. विमान तारेबाहेरच्या नांगरटीत आपटलं, पेटलं, जळून कोळसा झालं. त्या जाळातून रणपिसे चालत बाहेर आला. मिशीचा केससुद्धा जळला नव्हता असं सांगतात. तो तडक ठकूबाईकडे गेला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

म्हातारी म्हणाली मरण येऊ नये, आणि आलं नाही, एवढंच तळाला कळलं. तिथून पुढं पहिल्या एकट्या उड्डाणाआधी प्रत्येक पोरगा तारेशी येऊन उभा राहायला लागला. कुणी नारळ आणी, कुणी पेढे. "आजी, आम्हालाही एक द्या ना," म्हणत. तिच्या पोटातली आग त्यांनी ताईत करून गळ्यात बांधली. ठकूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं नारळ भिरकावून मारला, तर तोही एकानं प्रसाद म्हणून उचलला. त्या दिवशी ती संतापानं रडली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं तोंडच मिटलं. यायची, तार धरून उभी राहायची, विमानाकडे बघायची आणि चकार शब्द बोलायची नाही. पोरं टरकली. ज्याची पाळी येई त्याचं पोट दुखू लागे. तळाच्या मोठ्या साहेबानं दटावलं, शिक्षा दिल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी तो स्वतः तारेपाशी आला.

"बाई, बोला की काहीतरी. पोरं उडत नाहीत."

"माजी हीर द्या."

"कुंपणाच्या आत बाहेरचं माणूस सोडता येत नाही. नियम आहे."

"मला आत न्हाई यायचं. हीर भाईर काढा."

साहेब पाय आपटत गेला. ठकूबाई जागची हलली नाही. विमानं उन्हात तापत उभी राहिली, आणि अखेर पहारी घेऊन शिपाई आले. त्यांनी खांब उपटले, आत सरकवून पुन्हा ठोकले, आणि विहीर तारेबाहेर आली.

सगळी तरटेवाडी घागरी घेऊन लोटली. ठकूबाईनं पहिली बादली शेंदली, ओंजळभर पाणी प्याली आणि "धनी" एवढंच म्हणाली. साहेबाचाही जीव भांड्यात पडला होता. तो तारेच्या आतून हात जोडून म्हणाला, "आता तरी पोरांना मनापासून आशीर्वाद द्या."

ठकूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "तुलाबी मरण येऊ नये," ती म्हणाली. "हीर दिलीस. माजं गाव कुठंय?"

साहेब टोपी सारखी करून धावपट्टीकडे वळला. त्याच्यामागून आलेल्या एकाही साहेबानं ते गाव परत दिलं नाही.

आजही पहिल्या एकट्या उड्डाणाआधी पोरं इथं तारेशी येतात. तरटेंच्या घरची सून शिव्या घालते. सध्या हिराबाई आहे. पोरं मान खाली घालून हसू दाबतात, त्यांना ती रीत वाटते. हिराबाई हसत नाही. गाव अजून आत आहे, आणि ती प्रत्येक शिवी मनापासून घालते.