इंतेसबायचे चिखलाचे पाय

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून वसईकडच्या एका गावात पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात. पण ते बारा जण घरूनच साबणाने पाय घासून येतात, अशी तिथली जुनी रीत. बस्त्याव मास्तरांनी तर यंदा पायांना पावडरही लावली होती.

इंतेसबायचा नंबर या वर्षी पहिल्यांदाच लागला होता. केळीला पाणी लावता लावता देवळाची घंटा झाली, तशी ती घोट्यापर्यंतच्या चिखलासकट धावत येऊन बाकावर बसली.

मास्तर गरजले, "इंतेस, फादरांच्या हातात असले पाय देणार? ऊठ, दुसरं कुणी बसेल!"

इंतेसबायचा चेहरा उतरला. उठता उठता ती थबकली.

"उठते, मास्तर. पण ते बारा शिष्य असेच घरून पाय धुवून आले असते, तर प्रभूने कमरेला टॉवेल कशाला गुंडाळला असता?"

देवळात हशा पिकला. फादर तांब्या घेऊन आधी तिच्याच पुढ्यात गुडघ्यांवर बसले. शेवटी मास्तरांपाशी आल्यावर हळूच म्हणाले, "इथं धुवायला काही ठेवलंय का?"

मास्तरांनी मान खाली घातली. "आहे, फादर. पण ते पायाला लागलेलं नाही."