महासभेचं एकमत

पूल वाहून गेला आणि बारा मुलखांच्या राजांची महासभा त्यावर चर्चेला बसली! पूल सगळ्यांनाच हवा होता. पण पहिली तुळई कुणी ठेवायची? वर निशाण कुणाचं लावायचं? सभेचा नियम असा, की एकानं जरी 'नको' म्हटलं तरी ठराव बारगळला. मग उपसमिती नेमली. उपसमितीला नाव काय द्यावं, हे ठरवायला दुसरी नेमली!

दुभाषीण सगुणाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. धर्मशाळेत वाढल्यानं तिला बाराही भाषा येत. तिची दिवस भरलेली बहीण नदीपलीकडं अडकली होती आणि सुईण अलीकडं! भाषांतर करता करता तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, कुणीतरी हो म्हणा की!"

महाध्यक्ष भद्रसेन महाराज कडाडले, "दुभाषिणीनं स्वतःचं बोलायचं नसतं! एवढी अक्कल आहे, तर आज सूर्य मावळायच्या आत या सगळ्यांकडून एका तरी गोष्टीला हो म्हणवून दाखव! नाहीतर हद्दपार!"

सगुणा तडक मुदपाकखान्यात गेली. आचारी भिकोबा कपाळाला हात लावून बसला होता.

"कोठार रिकामं झालं गं! तांदूळ, दूध, भाजी, सगळं पलीकडून यायचं. महाराजांना सांगू कसं?"

"तुम्ही नका सांगू. नुसती ताटं मांडा."

दुपार कलली. भाषणं करून राजांचे घसे बसले, पोटात कावळे ओरडू लागले. तेवढ्यात सगुणा उभी राहिली नि बाराही भाषांत तिनं विचारलं, "महाराज, पानं वाढायची का?"

"हो!" बारा आवाज एकदम गरजले.

"कुणाची हरकत?"

"हरकत कसली! वाढ लवकर!"

ताटं आली. लखलखीत. आणि रिकामी!

"ही काय थट्टा?" भद्रसेन ओरडले.

"थट्टा नव्हे महाराज, ठराव! आपण सगळे एकमतानं जेवणाला हो म्हणालात. जेवण आहे नदीपलीकडं. पुलाशिवाय ते येणार कसं?"

"पण पहिली तुळई कुणाची?" एक राजा अजून हटून बसला होता.

"ज्याला जास्त भूक लागली असेल त्याची!"

बाराही राजे ताडकन उठले! सुतार धावले, हत्ती आले, दोरखंड ताणले गेले. अंधार पडायच्या आत कामचलाऊ पूल उभा राहिला. आधी सुईण पलीकडं गेली, मग तांदूळ अलीकडं आला. निशाणाची कुणाला आठवणही झाली नाही.

पोटभर जेवल्यावर भद्रसेन हसत सुटले. "माग सगुणे! माझं आसन सोडून काहीही माग!"

"आसन घेऊन मी काय करू महाराज? मुदपाकखान्याची किल्ली द्या."

"एवढंच?"

"निर्णय झाल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही, एवढंच!"

महाराजांना हसता हसता ठसका लागला, आणि त्यांनी किल्ली मागवून सगळ्यांदेखत तिच्या हातावर ठेवली.