तारेवरचा बोंबील

एकदा एका कोल्ह्याने एका भल्या माणसाचं डोकं असं काही फिरवलं, की शत्रूला मारायच्या भरात तो आपल्याच घरावर घाला घालायला निघाला होता. तो कसा वाचला ते ऐकाच, मंडळी. मला तर कधी एकदा सांगतो असं झालंय!

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे आप्पा नावाचे एक वृद्ध गृहस्थ राहत. गळ्यात तुळशीची माळ, वृत्ती सात्त्विक, बोलणं मोजकं. मनाचा गुंता सुटेना झाला, की लोक त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. हणमंत हा त्यांचा लाडका शिष्य. चाळिशीचा, कष्टाळू, मनाने निर्मळ, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्याच्या बायकोने, सगुणाने, परसात गावठी कोंबड्या पाळल्या होत्या. एकेक पिल्लू तिने हातावर दाणे घेऊन वाढवलेलं. नेमका त्यांच्यावरच कोल्ह्याचा डोळा गेला.

हणमंत शहरात जाऊन झटका मशीन घेऊन आला. परसाभोवती खुंट ठोकले, तारा ताणल्या. हे मशीन तारेत क्षणभराचा झटका सोडतं. लागला की माणूस कळवळून हात झाडतो, पण जिवावर बेतत नाही. हणमंत खूश! आणि दुसऱ्याच दिवशी उजाडताना बघतो तर काय, सगुणाची तुरेवाली कोंबडी गायब आणि तारेला कोल्ह्याचे केस. पठ्ठ्या दोन तारांमधून अंग घालून आत शिरला होता आणि कोंबडी तोंडात धरून तसाच निघूनही गेला होता.

झालं! हणमंताचं टाळकंच सटकलं.

"हे कसलं मशीन? खेळणं आहे खेळणं! आज घरातली लाईनच थेट तारेला जोडतो. शिवला की जागच्या जागी आडवा!"

सगुणा पुढे झाली. "अहो, पहाटे अंधारात अंडी काढायला मी जाते ना तिथे!"

"बटण बंद करून जायचं."

"आणि एखाद्या दिवशी विसरले तर?"

"नाही विसरायचं!" हणमंताने आवाज चढवला. सगुणा चपला घालून निघाली, ती थेट आप्पांकडे.

आप्पा लगबगीने आले. हणमंत वायरचं भेंडोळं सोडवत बसला होता. आता आप्पा खडसावणार असं सगुणाला वाटलं. पण आप्पा शांतपणे म्हणाले, "जोड बाबा. घर तुझं, लाईन तुझी. माझ्यासाठी फक्त दिवेलागणीपर्यंत थांब." मग सगुणाकडे वळून म्हणाले, "पोरी, घरात सुका बोंबील आहे का?"

सगुणाने आ वासला. ज्या माणसाने उभ्या जन्मात मासळी शिवली नाही, तो बोंबील मागतोय!

"तुम्हाला, आप्पा?"

"मला कशाला? पाहुण्याला हवाय."

तिने बोंबील आणला. आप्पांनी तो पाण्यात चिंब भिजवायला लावला. आधी मशीन बंद करवलं. मग तो बोंबील चिमट्यात धरून, मान शक्य तितकी लांब नेऊन आणि नाक मुरडून, त्यांनी तो उघड्या तारेच्या तुकड्याने कुंपणाच्या खालच्या तारेला बांधला. बरोबर कोल्ह्याच्या नाकाच्या उंचीवर! आणि मशीन पुन्हा चालू.

हणमंताला राहवेना. "आप्पा, हे काय चालवलंय तुम्ही? चोराला घरी बोलावून जेवायला वाढताय?"

"हो," आप्पा म्हणाले, "आवतण धाडलंय."

दिवेलागणीच्या सुमारास तिघं मागच्या दाराच्या फटीशी दाटीने उभे राहिले. आणि आला की हो तो! कान टवकारलेले, चाल ऐटीत, सासुरवाडीला आल्यासारखा. बोंबलाचा वास लागला तसा थबकला. सगुणाने हणमंताचा दंड घट्ट धरला. कोल्ह्याने मान पुढे केली, ओलं नाक लांबवलं, जीभ काढली, आणि क्यांव! उभाच्या उभा हातभर उडाला, खाली पडला आणि मागे न बघता डोंगराच्या दिशेने असा पळाला, असा पळाला, की विचारू नका!

"पाहिलंत? आप्पा, पाहिलंत?" हणमंत नाचायचाच बाकी होता.

आप्पा हसले. "अरे, तार कालचीच आहे आणि झटकाही कालचाच. पण काल तो केसाळ अंगाने आला. त्या दाट, कोरड्या केसांतून झटका आत पोचलाच नाही. नाक ओलं असतं, जीभ ओली असते, म्हणून ती पुढे करायला लावली. आता तार म्हणजे काय ते त्याला कळलं. तो या कुंपणाशी यायचा नाही. शिवाय हा मुलूख त्याचा आहे, दुसऱ्या कोल्ह्यालाही तो सहसा इथे टिकू देणार नाही. त्याला मारला असतास, तर त्याच्या जागी नवा आला असता आणि त्या नव्याला काहीच ठाऊक नसतं. असे किती मारत बसला असतास? मेलेला काही शिकत नाही, हणमंता."

"वा आप्पा, वा! मानलं तुम्हाला!" म्हणत हणमंत आनंदाच्या भरात कुंपणाकडे धावला. कोल्ह्याने जीभ नेमकी कुठे लावली ते बघायला वाकला आणि भान विसरून तारेवर हात टेकला.

"आई गं!"

गडी धप्पकन चिखलात बसला. कोंबड्यांनी एकच कलकलाट केला. सगुणा पोट धरधरून हसली. आणि हसता हसता एकदम थांबली. तिची नजर दारातल्या वायरच्या भेंडोळ्यावर गेली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तो चेहरा हणमंताने पाहिला, आणि चिखलात बसल्या जागी त्याला दरदरून घाम फुटला.

आप्पा त्याच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. "लागलं का रे?"

"लागलं."

"पुन्हा हात लावशील?"

"जन्मात नाही."

"बघ, शिकलास की नाही?" आप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "कारण शिकायला उरलास."

मंडळी, आपणही कधी मुलाला, कधी हाताखालच्या माणसाला, कधी सख्ख्या भावाला अद्दल घडवायला निघतो, तेव्हा आपल्या हातात झटका मशीन आहे की घरातली लाईन, एवढं एकदा बघून घ्यावं.