चिंगीचं बीळ सुकेना

शिंपलवाडीच्या मासळीबाजारामागे एक दगडी पायरी.
पायरीखाली एक बीळ.
बिळात चिंगी चिचुंद्री आणि तिची तीन पिल्लं.
मोठं, मधलं आणि धाकटं.

तीन दिवस पाऊस पडत होता. धो धो धो!
चौथ्या दिवशी पाणी बिळात शिरलं. बुडुक बुडुक!
गवताची गादी भिजली आणि वाहून गेली.
"आक्छी!" मोठं शिंकलं.
"अगं बाई!" चिंगी म्हणाली. "चला, धरा शेपट्या!"

मोठ्यानं आईची शेपटी धरली. तोंडात.
मधल्यानं मोठ्याची शेपटी धरली. तोंडात.
धाकट्यानं मधल्याची शेपटी धरली. तोंडात.
निघाली सगळी, तुरुतुरु तुरुतुरु.

"आई, कधी झोपायचं?" धाकटं म्हणालं.
बोलायला तोंड उघडलं. शेपटी सुटली. पचक!
"बोलू नकोस! धर शेपटी!" चिंगी म्हणाली.

वाटेत होतं गटार.
"गटारा, गटारा!
बीळ सुकेना,
पिल्लं निजेनात.
तू पाणी वाहून ने ना!"

"गुळ्ळ!" गटार म्हणालं. "कसं नेऊ? माझ्या तोंडात कचरा अडकलाय. म्हादूदादा कचरा काढेल, मगच मी वाहेन."

"काय बाई वैताग!" चिंगी म्हणाली.
निघाली सगळी, तुरुतुरु तुरुतुरु.

"आई, कधी झोपायचं?"
शेपटी सुटली. पचक!
"बोलू नकोस! धर शेपटी!"

म्हादूदादा फावडं घेऊन उभा होता. गुडघाभर पाण्यात.
"म्हादूदादा, म्हादूदादा!
गटार वाहेना,
बीळ सुकेना,
पिल्लं निजेनात.
तू कचरा काढ ना!"

"अगं चिंगे, गटार दिसतंय कुठे?" म्हादूदादा म्हणाला. "सगळीकडे पाणीच पाणी. चुकून पाय घातला तर मीच आत जाईन! शेवंतीमावशी बांधाचं दार उघडेल, पाणी उतरेल, मगच मी कचरा काढेन."

"काय बाई वैताग!" चिंगी म्हणाली.
निघाली सगळी, तुरुतुरु तुरुतुरु.

"आई, कधी झोपायचं?"
शेपटी सुटली. पचक!
"बोलू नकोस! धर शेपटी!"

गावाच्या कडेला होता बांध. बांधापलीकडे खाडी.
बांधाला होतं मोठं लाकडी दार. ते उघडलं की गावातलं पाणी खाडीत जायचं.
दाराशी शेवंतीमावशी बसली होती. डोक्यावर प्लास्टिकचं इरलं घेऊन.

"शेवंतीमावशी, शेवंतीमावशी!
दादा कचरा काढेना,
गटार वाहेना,
बीळ सुकेना,
पिल्लं निजेनात.
तू दार उघड ना!"

"सकाळपासून तू सातवी!" मावशी म्हणाली. "जो तो येतो, दार उघड म्हणतो. पलीकडे बघ! खाडी दाराच्या वर चढलीय. आत्ता उघडलं तर सगळी खाडी गावात येईल. खाडी मागे हटेल, मगच मी दार उघडेन."

"काय बाई वैताग!" चिंगी म्हणाली.
निघाली सगळी, तुरुतुरु तुरुतुरु.

"आई, कधी झोपायचं?"
शेपटी सुटली. पचक!
"बोलू नकोस! धर शेपटी!"

बांधावर चढून चिंगी खाडीशी बोलली.
"खाडीताई, खाडीताई!
मावशी दार उघडेना,
दादा कचरा काढेना,
गटार वाहेना,
बीळ सुकेना,
पिल्लं निजेनात.
तू मागे हट ना!"

"डुबुक डुबुक!" खाडी म्हणाली. "मला काय हौस आलीय? भरती केव्हाच संपली. मी निघालेच होते. पण हा वारा मला आत लोटतोय! वारा वळेल, मगच मी हटेन."

चिंगीनं पाय आपटले. चारही.
"वैताग, वैताग, वैताग!"
निघाली सगळी, तुरुतुरु तुरुतुरु.
बंदराच्या धक्क्यावर, अगदी टोकाला.

वारा तिथे धिंगाणा घालत होता. हूऽ हूऽ हूऽ!
होड्या हलत होत्या. पत्रे वाजत होते.
"वारोबा, वारोबा!
खाडी हटेना,
मावशी दार उघडेना,
दादा कचरा काढेना,
गटार वाहेना,
बीळ सुकेना,
पिल्लं निजेनात.
तू वळ ना!"

"हूऽ हूऽ!" वारा हसला. "मी नाही वळत! मला मजा येतेय!"

"आई, कधी झोपायचं?" धाकटं म्हणालं.
शेपटी सुटली.
आणि वाऱ्यानं धाकट्याला उचललं!
फुर्रर्र! धाकटं उडालं, ते थेट टांगलेल्या जाळ्यात अडकलं.
"आईऽऽ!"

चिंगी धावली. जाळ्यावर चढली.
तिनं धाकट्याला ओढून काढलं आणि पोटाशी घट्ट धरलं.
तिला रडू आलं.
मग तिला राग आला. असा राग, असा राग!

आणि चिचुंद्री चिडली की काय होतं?
वास सुटतो!
असा घाण वास, असा घाण वास!

"शी शी शी!" वारा ओरडला. "कसला गं वास?"
वारा डावीकडे गेला. वास डावीकडे गेला.
वारा उजवीकडे गेला. वास उजवीकडे गेला.
वास तर वाऱ्याबरोबरच जाणार!

"नको, नको! वळतो मी!"
वारा गर्रकन वळला. लांब समुद्राकडे पळाला. हूऽऽऽ!
जाताना ढगांनाही घेऊन गेला.

वारा वळला, खाडी हटली. सळसळ सळसळ!
खाडी हटली, मावशीनं दार उघडलं. करकर करकर!
दार उघडलं, गावातलं पाणी उतरलं.
गटार दिसलं!
म्हादूदादानं फावडं घातलं. खरड खरड!
निघाल्या पिशव्या. निघाली एक चप्पल. निघाली एक आख्खी छत्री.
"कोण टाकतं हे गटारात?" दादा म्हणाला. "मला एकदा सांगा तरी, कोण टाकतं?"


कचरा निघाला, गटार वाहिलं. घळघळ घळघळ!
गटार वाहिलं, बिळातलं पाणी गेलं.
मग लख्ख ऊन पडलं आणि बीळ सुकलं.
चिंगीनं नवीन गवत आणलं. मऊ मऊ गादी केली.

मोठं झोपलं.
धाकटं झोपलं.
चिंगी आडवी झाली. हुश्श!

मधलं पिल्लू दिवसभरात एक शब्दही बोललं नव्हतं.
त्यानं हळूच डोकं वर काढलं.
"आई," ते म्हणालं, "पाणी हवंय."