काळा पडलेला प्लग

कोणे एके काळी, म्हणजे गावोगाव रस्ते पोचले होते पण रस्त्यांपेक्षा धूळच जास्त पोचली होती त्या काळी, एका डोंगराखालच्या गावात एक रिक्षावाला राहत होता. त्याचा आपल्या रिक्षावर भारी जीव. इंजिनाच्या नाकातोंडात धूळ जाऊ नये म्हणून त्याने हवा आत जाते त्या तोंडावर जाड गोणपाट गच्च बांधून टाकलं.

तेव्हापासून रिक्षा चढावर खोकू लागली. त्याने इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग काढून पाहिला, तर काळाकुट्ट!

"हाच मेला कामचोर," म्हणत त्याने तो उकिरड्यावर फेकला आणि नवा बसवला. थोड्याच दिवसांत नवाही काळा पडला. तोही फेकला. वड्याचं तेल वांग्यावर काढायला माणसाला काय लागतं? वांगं समोर असलं की झालं.

अशातच त्याची धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एके सकाळी तिला कळा सुरू झाल्या. गावची म्हातारी सुईण पोटावर हात ठेवून म्हणाली, "बाळ आडवं आहे. हे माझ्या हातचं काम नाही. घाटापलीकडच्या दवाखान्यात न्यायला हवं."

तिघं निघाली. अर्ध्या घाटात रिक्षा फटफटली आणि बंद पडली. प्लग पुन्हा काळा! दुसरा जवळ नव्हता. रिक्षावाल्याने रागाने तो दरीत भिरकावायला हात उचलला.

"दादा, काहीतरी कर रे," बहीण कळवळून म्हणाली.

सुईणीने त्याचा हात धरला. प्लगवरून बोट फिरवून तिने त्याला दाखवलं.

"कोरडी काजळी आहे, बाबा. चुलीला वारा मिळाला नाही की भांड्याच्या बुडाला अशीच धरते. भांडं फेकून काय होणार? चुलीचं तोंड कुणी बांधलंय ते बघ."

रिक्षावाल्याची नजर गोणपाटाकडे गेली. "मीच बांधलंय," तो पुटपुटला.

त्याने गोणपाट ओढून काढलं, काचपेपरने प्लग घासला, पुसला, बसवला. हँडल ओढताच रिक्षा धडधडली आणि एका दमात घाट चढून गेली. डॉक्टरांनी वेळेवर तिची सुटका केली. मायलेकरं सुखरूप राहिली.

बारशाला रिक्षावाल्याने सुईणीला नवं लुगडं दिलं आणि तिच्या पाया पडला. मग रिक्षातला प्लग काढून आणला. आता तो खरपूस भाकरीसारखा तांबूस झाला होता. पाळण्याजवळ ठेवून त्याने त्याला कुंकू लावलं.

बहीण हसली. "दादा, प्लगला कसलं कुंकू?"

"अगं, स्वतःचं तोंड काळं करून घेऊन हा मला माझी चूक सांगत होता. याच्या दोन भावंडांना मी उकिरडा दाखवला. यालाही फेकलं असतं, तर आज हा पाळणा रिकामा असता." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने प्लगला हात जोडले.

तात्पर्य: आपली चूक दाखवणाऱ्याला हाकलू नये, त्याचे उपकार मानावेत.