बाहेरची कडी

लेकीच्या नर्सिंगच्या प्रवेशअर्जाची मुदत पाचला संपणार होती. साडेचार वाजले, तरी वेबसाइट एकच घोकत होती: पासवर्ड चुकीचा आहे. अंगणवाडी सेविका सुलभाताई ढवळे धापा टाकत प्रवेश कार्यालयात शिरल्या.

निंबकर साहेबांनी मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत. "तक्रार ऑनलाइनच घेतो आम्ही. आधी लॉग इन करा, मग 'लॉग इन होत नाही' हा पर्याय निवडा."

"अहो साहेब, लॉग इनच होत नाही म्हणून तर आलेय!"

"नियम म्हणजे नियम. या आता."

ताई बाहेर आल्या आणि त्यांनी बाहेरून कडी घातली.

पावणेपाचला साहेब चहाला उठले, तर दार उघडेना. दारावर धडाधड थापा मारत ते ओरडले, "कोण आहे तिकडे? कडी काढा!"

"काढते की," ताई म्हणाल्या. "फक्त तसा लेखी अर्ज बाहेर येऊन माझ्या हातात द्या."

"दार बंद असताना बाहेर कसा येणार मी?"

"मीही मघाशी हेच विचारत होते, साहेब."

मग आत कीबोर्डची खटखट सुरू झाली. पाचला चार मिनिटं असताना ताईंच्या मोबाइलवर नवा पासवर्ड आला. लेकीचा अर्ज गेला, मगच कडी निघाली.